भावाचे रिपोर्ट, तुझी एक्सेल शीट आणि तो ८० टक्क्यांचा आकडा

प्रश्न: ताई, नाव देत नाहीये, समजून घ्या. माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे, गेल्या महिन्यात त्याचा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. घरात फक्त मला माहितीये. त्याला त्रास काहीच नाही, वजन नीट, ताप-खोकला नाही, डोकं दुखत नाही. सीडी४ म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा ३१० (१९ टक्के) आणि व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या व्हायरसचं प्रमाण ४८,००० आलाय. डॉक्टर म्हणाले लगेच गोळ्या चालू करा, पण मीच त्याला म्हटलं की आधी नीट समजून घेऊ, घाई नको. मग वाचायला बसलो तर एका ठिकाणी दिसलं की लोड ३०,०००च्या वर असेल तर ६ वर्षांत ८० टक्के लोकांना एड्स होतो. तेव्हापासून झोप उडालीये. मी एक्सेलमध्ये ग्राफ काढला, सीडी४ वर्षाला ७० ने उतरतो असं धरलं तर दीड वर्षात २००च्या खाली, म्हणजे एड्सच्या हद्दीत जातो. खात्री करायला १२ दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये परत सीडी४ केला तर २६५ आला (१८ टक्के). १२ दिवसांत ४५! आता कुठले मार्कर, म्हणजे आजाराचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या कुठल्या टेस्ट करायच्या ते सांगा. मी यादी काढलीये: बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, निओप्टेरिन, सीडी३८, आयएल-६, डी-डायमर. यातल्या कशाने नक्की कळेल की त्याचा आजार फास्ट जाणार की स्लो? काही लोकांना म्हणे गोळ्या न घेताही काही होत नाही, तो तसा असला तर? आणि हा ग्राफ त्याला दाखवू का?
— एक मोठा भाऊ

उत्तर:

गोळ्या लगेच चालू करायला सांग त्याला. बाकीचं उत्तर नंतर वाचलंस तरी चालेल.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि बरोबर सांगितलं होतं. तू मधे पडलास ते मायेपोटी पडलास हे कळतंय मला, पण या आजारात समजून घेणं आणि गोळी घेणं ही दोन्ही कामं एकदम चालतात, एकासाठी दुसरं अडवून ठेवायची गरज नसते. डॉक्टर स्वतःहून गोळ्या काही आठवडे पुढे ढकलतात असं मोठं कारण म्हणजे मेंदूच्या आवरणाला टीबी किंवा क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीचं इन्फेक्शन झालेलं असणं, कारण तिथे प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली तर डोक्यात सूज वाढते आणि जीवावर बेततं. तुझ्या भावाला ना ताप ना डोकेदुखी, आणि डॉक्टरांनी त्याला तपासूनच सांगितलंय. मग थांबायचं कशासाठी?

आता तो ८० टक्क्यांचा आकडा. खोटा नाहीये तो, म्हणूनच त्याची नीट ओळख करून घेऊ.

१९८४ साली अमेरिकेत बाल्टिमोर, शिकागो, पिट्सबर्ग आणि लॉस एंजेलिस अशा चार ठिकाणी समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, दर सहा महिन्यांनी बोलवायचं, रक्त घ्यायचं, तपासायचं आणि उरलेलं गोठवून ठेवायचं. व्हायरल लोड मोजायची टेस्ट तेव्हा नव्हतीच, ती आली नव्वदच्या दशकात. ती आल्यावर जॉन मेलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गोठवलेलं जुनं रक्त बाहेर काढून त्यातला व्हायरस मोजला आणि त्या त्या माणसाचं पुढे काय झालं ते शेजारी मांडलं. १९९७ साली छापून आलेल्या त्या पेपरमध्ये १,६०४ पुरुष होते. लोड ५०० किंवा त्याहून कमी असलेल्यांपैकी ५.४ टक्के ६ वर्षांत एड्सपर्यंत गेले, ५०१ ते ३,००० वाल्यांपैकी १६.६ टक्के, ३,००१ ते १०,००० मध्ये ३१.७, १०,००१ ते ३०,००० मध्ये ५५.२ आणि ३०,०००च्या वर सरळ ८०. तू वाचलास तो आकडा हाच, या तक्त्याच्या शेवटच्या ओळीतला.

त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती बघ. तोवर सगळी मदार सीडी४वर होती, आणि दोन माणसांचा सीडी४ आज सारखाच, ४००-४००, पण एक दोन वर्षांत अंथरुणाला खिळतो आणि दुसरा आठ वर्षं कामावर जातो, याचा हिशोबच लागत नव्हता. लोडने तो बराचसा लावून दिला. जॉन कॉफिन नावाच्या शास्त्रज्ञांनी तेव्हा सांगितलेली उपमा अजून वापरतात: रेल्वे एका अपघाताच्या जागेकडे निघालीये, सीडी४ म्हणजे ती जागा अजून किती लांब आहे ते, आणि व्हायरल लोड म्हणजे गाडीचा वेग.

पण त्या गाडीला ब्रेक नव्हता रे. हे तू वाचताना सुटलं. त्या पुरुषांचं रक्त घेतलं तेव्हा नीट काम करणारं औषधच नव्हतं, पुढे एक-एक दोन-दोन औषधं आली तीही फार काळ टिकायची नाहीत, तीन औषधांचा एकत्र उपचार १९९६च्या सुमाराला आला. म्हणजे तो तक्ता "औषध न घेतलेल्या माणसाचं काय होतं" एवढंच सांगतो. तुझ्या भावाच्या हातात औषध आहे आणि तू त्याला औषध नसलेल्यांच्या तक्त्यात बसवून हिशोब करतोयस. गंमत म्हणजे (गंमत कसली) तू त्याला गोळ्यांपासून थांबवलंस त्यामुळे गेला महिनाभर तो तक्ता त्याला खरोखरच लागू होता.

आणि हिशोब तरी बरोबर ओळीत केलास का, तर तेही नाही. मेलर्सच्या त्या पेपरमधली टेस्ट बीडीएनए नावाच्या पद्धतीची होती, आज बहुतेक लॅबमध्ये पीसीआर पद्धतीने मोजतात आणि पीसीआरचे आकडे त्या जुन्या पद्धतीपेक्षा साधारण दुप्पट यायचे. म्हणून पुढे अमेरिकेच्या उपचार-मार्गदर्शिकेत हाच तक्ता दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी-शेजारी देऊन छापला, त्यात बीडीएनएचा ३०,००० म्हणजे पीसीआरचा ५५,००० धरलाय. तुझ्या भावाचा ४८,००० जर पीसीआरचा असेल, आणि असणारच, तर तो ८० टक्क्यांच्या ओळीत बसतच नाही, एक ओळ वर जातो. हे मी तुला दिलासा द्यायला सांगत नाहीये, कारण औषधाविना ५५ टक्केही काही चांगला आकडा नाही. सांगायचं एवढंच की ज्या आकड्याने तुझी झोप घालवली तो दुसऱ्या मापातला, दुसऱ्या काळातला आणि ब्रेक नसलेल्या गाडीचा आहे. शिवाय तो अभ्यास फक्त पुरुषांचा. बायकांमध्ये सुरुवातीचा लोड पुरुषांपेक्षा कमी असतो तरी आजार तेवढ्याच वेगाने पुढे जातो असं नंतर दिसलं, म्हणजे एकच रेघ सगळ्यांना लावायची सोयही नाही. तुझ्या भावाचा त्याच्याशी संबंध नाही, पण उद्या कुणी बाई हे वाचत असेल आणि आपला लोड कमी बघून निवांत बसली असेल तर तिच्यासाठी लिहून ठेवते.

आता १२ दिवसांत ४५.

हे वाचून मला तुझी दया आली, खरंच. कारण हे ४५ बहुतेक कुठे गेलेलेच नाहीत. सीडी४ हा आकडा फार हलणारा आहे, त्याच माणसाचा सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त येतो, सर्दी झालीये, रात्री झोप नाही, स्टिरॉइड चालू आहे, लॅब बदलली, मशीन बदललं, प्रत्येकाने फरक पडतो. साधारणपणे ३० टक्क्यांपेक्षा कमी बदल असेल तर डॉक्टर त्याला बदल मानत नाहीत. ३१० चा २६५ झाला म्हणजे साडेचौदा टक्के. शिवाय तू स्वतःच कंसात टक्केवारी लिहून पाठवलीस, १९ आणि १८, आणि उत्तर त्या कंसातच आहे. सीडी४चा आकडा काढताना एकूण लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) किती हे धरावं लागतं, ते वर-खाली झालं की आकडा वर-खाली होतो, टक्केवारी, म्हणजे त्या लिम्फोसाइटपैकी सीडी४ किती, मात्र त्यामानाने जागेवर राहते आणि तिच्यात ३ टक्क्यांचा तरी फरक पडला तर बघायचं असतं. इथे एकच पडलाय.

व्हायरल लोडचंही तसंच, फक्त तो अजून नाटकी. तो दहाच्या पटीत वाचायचा असतो, ४८,००० चा ३०,००० झाला तर आनंद नको आणि ७५,००० झाला तर रडू नको, तिप्पट फरक पडला तर मग बोलायचं. फ्लू झाला किंवा एखादी लस घेतली तरी औषध न घेणाऱ्याचा लोड काही दिवस वर जातो. आणि इन्फेक्शन झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत लोड लाखोंमध्ये असतो, मग काही महिन्यांनी उतरून एका पातळीवर स्थिरावतो, भविष्य सांगणारा आकडा म्हणजे ही स्थिरावलेली पातळी. तुझ्या भावाला इन्फेक्शन कधी झालं हे कुणालाच माहीत नाही, म्हणजे हा ४८,००० चढतानाचा आहे, उतरतानाचा आहे की स्थिरावलेला आहे हेही माहीत नाही. अशा एका ठिपक्यावरून तू रेघ काढलीस! आणि वर्षाला ७० ही सरासरी, काहींचा ३० ने उतरतो काहींचा १५० ने, कुणाचा दोन वर्षं जागच्या जागी राहून मग धाडकन. एक्सेलला काय, दोन आकडे दिले की ते बिचारं रेघ काढतंच.

आता तुझी मार्करची यादी. ती मी एका दमात उडवून लावणार होते पण मग वाटलं की त्यातल्या प्रत्येक नावामागे खरं काम झालेलं आहे, ते सांगते.

बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि निओप्टेरिन ही ऐंशीच्या दशकातली मंडळी. तेव्हा लोड मोजता येत नव्हता, मग रक्तात अजून काय दिसतं ते शोधत होते, आणि हे दोन पदार्थ प्रतिकारशक्ती खवळली की वाढतात. १९९० साली आलेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासात दिसलं की सीडी४च्या जोडीला यातला एक मोजला तर अंदाज बराच सुधारतो. पी२४ अँटिजेन म्हणजे व्हायरसचाच एक तुकडा, तोही तेव्हा मोजायचे, पण तो बऱ्याच लोकांमध्ये सापडायचाच नाही. लोडची टेस्ट आल्यावर हे सगळे हळूहळू मागे पडले. आज कुठल्या लॅबने निओप्टेरिन करून दिलं तरी तुझ्या भावाचे डॉक्टर त्या कागदाचं काय करतील मला सांगता येत नाही. घडी घालून फाइलमध्ये ठेवतील.

सीडी३८चं जरा वेगळं आहे आणि मला ते फार इंटरेस्टिंग वाटतं. सीडी८ नावाच्या ज्या लढणाऱ्या पेशी असतात त्यांच्यावर सीडी३८ ही खूण किती दिसते हे नव्वदच्या दशकात मोजलं, तर खूण जितकी जास्त तितका आजार जोरात, आणि काही रुग्णांमध्ये तर हा अंदाज लोडपेक्षाही सरस निघाला. त्यातून एक मोठी गोष्ट कळली. माणूस फक्त व्हायरस पेशी मारतो म्हणून खचत नाही, शरीर रात्रंदिवस लढाईच्या तयारीत राहतं आणि त्या ताणानेही खचतं. हे समजल्यामुळे पुढची दोन नावं आली, तुझी आयएल-६ (शरीरातल्या सूजेची खूण) आणि डी-डायमर (रक्त गोठण्याची खूण). २००६ साली स्मार्ट नावाच्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले, ५,४७२ लोक होते, अर्ध्यांनी गोळ्या चालू ठेवल्या आणि अर्ध्यांनी सीडी४ चांगला असताना बंद केल्या, तर बंद करणाऱ्यांमध्ये आजार आणि मृत्यू जास्त. नंतर त्या लोकांचं साठवलेलं रक्त तपासलं तर ज्यांचे आयएल-६ आणि डी-डायमर सुरुवातीलाच चढे होते त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं.

मग करायला काय हरकत? हरकत ही की हे हजारो लोकांच्या गर्दीत उपयोगी पडणारे आकडे आहेत, एकट्या माणसाच्या हातात दिले की नुसता गोंधळ. डी-डायमर पाय मुरगळला तरी वाढतो, आयएल-६ हिरड्यांना सूज असली, वजन जास्त असलं, सिगरेट ओढत असला, काल सर्दी झाली असली तरी वाढतो. आणि समजा वाढलेला आला, पुढे काय? त्यासाठी वेगळी गोळी नाही, नेहमीच्या गोळीचा डोस बदलत नाही. कमी आला, पुढे काय? तरी गोळ्या घ्यायच्याच आहेत. कुठलीही टेस्ट करायच्या आधी हे विचारत जा, आकडा इकडचा आला तर मी काय करणार आणि तिकडचा आला तर वेगळं काय करणार, आणि दोन्हीचं उत्तर एकच येत असेल तर रक्त वाया घालवू नकोस. तुझ्या यादीतली पाचही नावं यात नापास होतात.

"गोळ्या न घेताही काही होत नाही" अशी माणसं असतात, हो. शंभरात एकसुद्धा नाहीत, पण असतात. त्यांचा लोड औषधाविनाच इतका कमी असतो की टेस्टमध्ये दिसत नाही, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांमध्ये एचएलए-बी५७ सारखा एखादा जन्मजात जनुकीय फायदा सापडतो. तुझ्या भावाचा लोड ४८,००० आहे. तो त्यातला नाही, विषय संपला.

आणि "थांबून बघू"चाही विषय संपलाय, २०१५ सालीच. तेव्हा स्टार्ट नावाच्या चाचणीचे निकाल आले, ३५ देशांतले ४,६८५ लोक, सगळ्यांचा सीडी४ ५००च्या वर म्हणजे तब्येत ठणठणीत, अर्ध्यांना लगेच गोळ्या आणि अर्ध्यांना सीडी४ ३५० पर्यंत उतरला की गोळ्या. लगेच सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू मिळून ५७ टक्के कमी. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगून टाकलं की सीडी४ कितीही असो, प्रत्येकाला औषध द्या. यात एक बारीक गोष्ट बघ. त्या चाचणीत ज्यांना मुद्दाम थांबवलं होतं त्यांनासुद्धा ३५० ला गोळ्या मिळणार होत्या. तुझा भाऊ ३१० वर आहे.

मग रक्ताच्या कुठल्या तपासण्या खरंच उपयोगाच्या? डॉक्टरांनी बहुतेक सांगितल्या असतील, तरी विचार. हेपॅटायटिस बी ही मी सगळ्यात आधी विचारेन, कारण एचआयव्हीच्या नेहमीच्या गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही औषधं हेपॅटायटिस बी वरही चालतात, आणि दोन्ही आजार असताना गोळ्या मनाने बंद केल्या तर लिव्हर एकदम बिघडू शकतं, म्हणून आधी माहीत असलेलं बरं. हेपॅटायटिस सी, सिफिलिस, क्रिएटिनिन, लिव्हरची तपासणी, साखर, हिमोग्लोबिन, टीबीची चौकशी. व्हायरस कुठल्या औषधाला दाद देत नाही हे बघणारी रेझिस्टन्स टेस्ट जिथे होते तिथे सुरुवातीलाच करून घेतात, पण तिच्या रिपोर्टसाठी गोळ्या अडवत नाहीत. पुढेमागे सीडी४ २००च्या खाली कुणाचा आला तर वेगळ्या गोष्टी लागतात, क्रिप्टोकॉकसची रक्ततपासणी, न्यूमोनिया टाळायला कोट्रायमॉक्साझोल वगैरे, तेव्हा सीडी४ हा आकडा खरंच कामाचा, कारण त्यावरून काय करायचं ते बदलतं.

तुला भविष्य सांगणारा आकडा हवाच असेल तर आजच्या काळात गोळ्या घेणाऱ्यांसाठी बनवलेला एक आहे, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या माहितीवरून काढलेला व्हॅक्स इंडेक्स. त्यात काय धरतात माहितीये? वय, सीडी४, लोड, आणि मग हिमोग्लोबिन, प्लेटलेट, लिव्हरचे एन्झाइम, क्रिएटिनिन, हेपॅटायटिस सी. सगळ्या कुठल्याही साध्या लॅबमधल्या टेस्ट, एकही भारी नाव नाही. कारण गोळ्या नीट घेणारा माणूस आता बहुतेक एड्सने जात नाही, हार्ट, लिव्हर, किडनी, कॅन्सर यांनी जातो, बाकी सगळे जातात तसाच. भाऊ सिगरेट ओढतो का, हे तू पत्रात लिहिलंच नाहीस. डेन्मार्कमध्ये २०१३ साली आलेल्या अभ्यासात गोळ्यांवर असलेल्या लोकांची एचआयव्हीमुळे जेवढी वर्षं कमी झाली त्याच्या दुपटीहून जास्त सिगरेटमुळे कमी झाली होती, ५.१ विरुद्ध १२.३. ओढत असेल तर तुझ्या पाचही मार्करपेक्षा त्या पाकिटाकडे बघ.

गोळ्या चालू झाल्या की आकड्यांचा अर्थच बदलतो. आता लोड हे भविष्य राहत नाही, औषध पोटात जातंय आणि काम करतंय का एवढंच तो सांगतो. आजकालच्या गोळ्यांनी बऱ्याच जणांचा लोड एक ते तीन महिन्यांत ५०च्या खाली येतो, सहा महिन्यांना टेस्ट करतात, मग बाराव्या महिन्याला, मग सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा. मधेच एकदा ८० किंवा १२० आला आणि पुढच्या वेळी परत खाली गेला तर त्याला ब्लिप म्हणतात, त्यावर ग्राफ काढायचा नाही. सहा महिन्यांनंतर हजाराच्या वर आला तर मात्र गंभीरपणे घ्यायचं, गोळ्या चुकतायत का ते आधी न रागवता विचारायचं, मग परत टेस्ट, मग रेझिस्टन्स. सीडी४ सावकाश चढतो, पहिल्या वर्षात सरासरी ५० ते १५०, आणि लोड दबलेला असेल तर तो हळू चढतोय म्हणून काळजी करू नये. लोड टेस्टमध्ये दिसेनासा झाला आणि तसाच राहिला तर सेक्समधून दुसऱ्याला इन्फेक्शन जात नाही, हेही त्याला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. पार्टनर नावाच्या अभ्यासात, २०१९च्या निकालात, समलिंगी जोडप्यांनी कंडोमशिवाय सुमारे ७६,००० वेळा सेक्स केला आणि गोळ्यांनी लोड दबलेल्या जोडीदाराकडून एकालाही इन्फेक्शन गेलं नाही. २९ वर्षांच्या माणसाला हा आकडा तुझ्या ग्राफपेक्षा जास्त हवा असेल. किती वर्षं जगेल म्हणशील तर, लवकर गोळ्या सुरू करून वर्षभरात लोड दबला आणि सीडी४ ३५०च्या वर गेला अशा लोकांचं आयुर्मान बाकीच्यांच्या अगदी जवळ पोचलंय.

ग्राफ दाखवू का? नको. चुकीच्या तक्त्यावर उभा आहे हे एक, आणि दुसरं जरा टोचेल, त्याने तुला ग्राफ काढायला सांगितलं होतं का? त्याने घरात फक्त तुला सांगितलं, म्हणजे विश्वास टाकला, आणि तू त्याचे रिपोर्ट घेऊन दुसऱ्या लॅबला गेलास, परत रक्त काढवलंस, गोळ्या अडवल्यास, सगळं त्याच्या भल्यासाठीच, पण या सगळ्यात त्याला काय जाणून घ्यायचंय हे पत्रात कुठेच आलं नाही. कदाचित त्याला आकडे ऐकायचेच नसतील. कदाचित त्याला फक्त हे विचारायचं असेल की लग्न होईल का, मुलं होतील का (दोन्हीचं उत्तर हो). विचार त्याला आणि तो बोलेल तेवढंच ऐक. ती एक्सेल फाइल आणि रिपोर्टच्या पीडीएफ ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा फॅमिलीच्या शेअर्ड ड्राइव्हवर असतील तर आत्ता काढून टाक, कुणाला कळवायचं ते तो ठरवेल. आणि "मी थांब म्हणालो होतो ते विसर, चल, मी येतो सोबत" हे वाक्य तूच त्याला बोलायला हवंस, कारण तुझ्या शब्दाखातर तो थांबलाय.

गोळीचं एवढं बघ. बहुतेक ठिकाणी सुरुवात डोल्युटेग्राविर असलेल्या रोजच्या एका गोळीने होते. काहींची सुरुवातीला झोप बिघडते, तसं झालं तर रात्रीऐवजी सकाळी घेता येते का ते डॉक्टरांना विचारा. कॅल्शियम, लोह किंवा अँटासिड घेत असेल तर डोल्युटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. आणि पहिल्या काही आठवड्यांत नवीन ताप, न थांबणारा खोकला, जोराची डोकेदुखी किंवा अंगावर पुरळ आलं तर गोळी मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.